शर्करेच्या साखळ्या व पाणी धरणारी पूड

जव्हार व मोखाडा या दोन्ही तालुक्यांत आंबा-काजूच्या वाड्या व मोगऱ्याची लागवड वाढू लागल्यापासून एका नव्या जिनसेची चौकशी शेतकरी वारंवार करू लागले आहेत. ही जिन्नस म्हणजे साखरेच्या जाड दाण्यासारखी दिसणारी एक पूड होय. ती पाण्यात टाकली असता आपल्या वजनाच्या शेकडो पट पाणी शोषून फुगते व शिजलेल्या साबुदाण्यासारखी दिसू लागते. विकणारे सांगतात की, ही खड्ड्यात घातली म्हणजे उन्हाळ्यात पाणी द्यावयास नको. आणि शिवाय ती साखरेपासून, म्हणजे निसर्गातून बनलेली असल्यामुळे जमिनीस अपाय नाही. या दोन्ही विधानांत काही अंश खरा आहे व काही नाही. किती खरा हे ज्याचे त्याने ठरवावे, एतदर्थ ही पूड मुळात काय आहे व ती कशी घडविली जाते हे समजून घेणे अवश्य आहे. सबब प्रथम थोडा रसायनाचा पाठ देऊन मग हिशेबाकडे वळू.

वनस्पतीची पाने सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू व जमिनीतील पाणी यांपासून एक साधी साखर तयार करितात. तिला द्राक्षशर्करा किंवा ग्लुकोज म्हणतात. हा ग्लुकोजचा एकेक कण म्हणजे साखळीची एकेक कडी समजावी. झाड या कड्या एकमेकींत गुंफून शेकडो-हजारो कड्यांच्या लांब साखळ्या बनविते. अशा लांब साखळीच्या पदार्थास शास्त्रज्ञ पॉलिमर म्हणतात. मराठीत बहुवारिक हा शब्द रूढ होत आहे. आता गंमत अशी की, कडी तीच असता नुसत्या गुंफणीच्या फरकाने दोन अगदी भिन्न वस्तू निर्माण होतात. एका तऱ्हेने गुंफली असता साखळी मळसूत्रासारखी वळत जाते. हे पिष्ट होय, म्हणजे तांदूळ, नागली, वरी, कंदमुळे यांतील सत्त्व. दुसऱ्या तऱ्हेने गुंफली असता साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांस घट्ट बिलगते व तिचे तंतू बनतात. हे सेल्युलोज होय. कापूस जवळजवळ निव्वळ सेल्युलोज आहे, आणि लाकडाचाही सुमारे चाळीस ते पन्नास टक्के भाग तेच असते.

साखर पाण्यात विरघळते हे पोरासही ठाऊक आहे. मग साखरेचीच साखळी असलेले लाकूड का विरघळत नाही? कारण पाण्यास आवडणाऱ्या ज्या जागा प्रत्येक कडीवर आहेत, त्या सेल्युलोजमध्ये शेजारच्या साखळीशी गुंतलेल्या असतात. पाण्यास आत शिरावयास फटच राहत नाही. पिष्टाच्या बाबतीत ही मिठी सैल असते व उष्णतेने सुटते. नागलीच्या पिठाची आंबील करिताना पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापले की कालवण एकाएकी दाट होते, हा अनुभव घरोघरीचा आहे. त्या क्षणी पिष्टाचे दाणे फुगून फुटतात व साखळ्या पाण्यात मोकळ्या होतात. कापडास द्यावयाची खळ हीही तीच वस्तू. म्हणजे पाण्यात विरघळणारे शर्कराजन्य बहुवारिक आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या शिजत आले आहे, फक्त त्याचे नाव आपणास ठाऊक नव्हते.

झाडेही हे काम मनुष्याच्या मदतीवाचून करितात. आपल्या रानांतील धावड्याचा डिंक घ्या. तो निरनिराळ्या शर्करांच्या फांद्या फुटलेल्या साखळ्यांचा बनलेला असून पाण्यात त्याचे चिकट द्रावण होते. परदेशांत तो 'घत्ती' नावाने विकला जातो, व ते नाव घाटावरून पडले असे मानतात. सह्याद्रीच्या कोरड्या, खडकाळ उतारांवर दिसणारे, उन्हाळ्यात पाने गळून पांढऱ्या सालीने भुतासारखे उभे राहणारे कांडोळाचे झाड याहून चमत्कारिक डिंक देते. तो विरघळण्यापेक्षा फुगतो अधिक, आणि आपल्या मूळ आकाराच्या साठ ते शंभर पट होतो. बाजारात त्यास कराया किंवा कढाई डिंक म्हणतात. जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि १९९६ चा पेसा कायदा व २००६ चा वनहक्क कायदा यांअन्वये डिंकासारख्या गौण वनोपजावर ग्रामसभेचा अधिकार आहे. पण हा अधिकार वापरताना कांडोळास वाटेल तशा खोल खाचा पाडल्या तर झाड वाळते, व वाळलेल्या झाडाचा डिंक ग्रामसभेस काय किंवा व्यापाऱ्यास काय, कोणासच मिळत नाही. गवारीच्या बियांतही असेच एक बहुवारिक आहे, व राजस्थानात त्याचा मोठा उद्योग चालतो.

सूक्ष्म जंतूही शर्करेच्या साखळ्या विणतात, आणि त्यांची कारागिरी उसाच्या मुलखात सर्वांच्या परिचयाची आहे. तोडलेला ऊस वेळेवर गाळपास गेला नाही तर त्याचा रस बुळबुळीत होतो, गाळण्या तुंबतात व साखरेचा दाणा नीट बसत नाही. हा खोडा घालणारा एक जिवाणू असून तो उसाची साखर फोडून तिच्यातील ग्लुकोजची साखळी करितो. तिला डेक्स्ट्रान म्हणतात. कारखानदारास जी पीडा, तिचाच शुद्ध केलेला प्रकार स्वीडनमधील संशोधकांनी १९४० नंतरच्या दशकात रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या शिरेत देण्याजोगा बनविला. तसेच कोबीची पाने काळी पाडून कुजविणाऱ्या जिवाणूपासून अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेने झँथान नावाचा डिंक काढला. आज तो चटण्या-सॉसांपासून तेलविहिरींपर्यंत सर्वत्र वापरला जातो.

आता कृत्रिम घडणीकडे येऊ. मूळ प्रश्न असा होता की, कापूस व लाकडाचा भुगा यांसारखी स्वस्त, पण पाण्यास न दाद देणारी वस्तू पाण्यात विरघळविता कशी यावी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मन रसायनज्ञांनी यास उत्तर काढले. सेल्युलोज प्रथम दाहक सोड्यात भिजवितात, तेव्हा बिलगलेल्या साखळ्या थोड्या सुटतात. मग मोनोक्लोरोॲसेटिक आम्ल घालतात. ते प्रत्येक कडीवर असलेल्या तीन मोकळ्या जागांपैकी काहींवर जाऊन चिकटते व तेथे ऋण विद्युत्भार असलेली एक शेपटी लावून देते. तिन्ही जागा भरण्याची गरज नसते. सरासरीने दर कडीमागे पाऊण जागा भरली तरी पुरते. समान भाराच्या शेपट्या एकमेकींस दूर लोटतात, साखळ्या अलग होतात, मध्ये पाणी शिरते व कापूस पाण्यात विरघळतो! या पदार्थास कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असे लांबलचक नाव आहे. व्यवहारात त्यास सीएमसी म्हणतात. सुताची खळ, कपडे धुण्याची पूड, औषधाच्या गोळ्या, आइस्क्रीम इत्यादी अनेक ठिकाणी ते जाते. शेवटी अल्कोहोलाने धुऊन त्यातील मीठ वगैरे काढावे लागते. घरच्या घरी करून पाहण्याची ही गोष्ट नव्हे, हे येथेच स्पष्ट करितो, कारण दाहक सोडा डोळे घालवितो, आणि हे आम्ल कातडीवर सांडले तर कातडीतून अंगात भिनून जीव घेऊ शकते.

परंतु विरघळणारी वस्तू खड्ड्यात घालून काय उपयोग? पहिल्या पावसात ती वाहून जाईल. म्हणून दुसरी युक्ती करावी लागते. सुटे सूत ओढ्यात टाकले तर वाहून जाते. त्याच सुताला ठिकठिकाणी गाठी मारून जाळे केले तर ते एका जागी राहते व त्यातून पाणी मात्र खेळते. त्याचप्रमाणे विरघळणाऱ्या साखळ्या मधून मधून एकमेकींस बांधून टाकल्या म्हणजे त्या पाण्याने फुगतात, पण विरघळत नाहीत. गाठी फार मारल्या तर जाळे ताणत नाही व पाणी कमी धरते. कमी मारल्या तर ते चिखलासारखे पातळ होऊन निसटते. या जाळ्याचे दाणे म्हणजेच बाजारात येणारी जलधारक पूड. तीस हायड्रोजेल असेही म्हणतात.

अशी पूड शेतीसाठी करण्याचा गाजलेला प्रयत्न वर सांगितलेल्या पिओरियाच्या प्रयोगशाळेत १९७० नंतरच्या दशकात झाला. तेथे मक्याच्या पिष्टावर ॲक्रिलोनायट्राइल या द्रव्याच्या साखळ्यांचे कलम बांधले. आंब्यावर कलम बांधतात तसेच. खुंट एकाचा, फांदी दुसऱ्याची. आपल्याकडे १९५० साली उघडलेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पिष्टावर असेच काम करून 'जलशक्ती' नावाने ओळखली गेलेली पूड १९८० नंतरच्या दशकात पुढे आणिली. पुढे नवी दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने सेल्युलोजच्या खुंटावर घडविलेले 'पुसा हायड्रोजेल' प्रसिद्ध केले. शुद्ध पाण्यात ते आपल्या वजनाच्या निदान ३५० पट पाणी धरते, व हेक्टरी अडीच ते पाच किलो घालावे अशी शिफारस आहे.

येथे 'साखरेपासून बनलेली' या विधानाचा निकाल लागतो. वरील सर्व प्रकारांत खुंट साखरेचा असला तरी कलमाची फांदी खनिज तेलापासून काढलेल्या द्रव्याची आहे. जमिनीतील जंतू साखरेचा खुंट खाऊन टाकतात. फांदी मात्र काही वर्षे रेंगाळते. बाजारातील कित्येक पुड्यांत तर साखरेचा अंशही नसतो. त्या निव्वळ खनिज तेलाच्या असतात. त्यांपैकी पॉलिॲक्रिलामाइड नावाच्या प्रकारात मूळ द्रव्याचा न जुळलेला अंश उरला असल्यास तो मज्जातंतूंस विषारी असतो, म्हणून अशी पूड शुद्धतेची खात्री असल्यावाचून घेऊ नये. संपूर्ण साखरेपासून अशी साखळी करता येत नाही असे मात्र नाही. एका जातीच्या बुरशीस साखरेच्या द्रावणावर वाढविले असता ती इटाकोनिक आम्ल तयार करिते, आणि त्या आम्लाचे कण जोडून पाण्यात विरघळणारी, भारयुक्त साखळी होते. अमेरिकेत तिचा व्यापारी उपयोग धुण्याच्या द्रव्यांत होऊ लागला आहे. जेथे साखर कारखान्यांची मळी मुबलक आहे त्या महाराष्ट्रात ही वाट पुढेमागे फायद्याची ठरू शकेल असे मला वाटते. पण आज दुकानात मिळणारी पुडी ती नव्हे.

आता पाण्याचा हिशेब. टंचाईच्या दिवसांत तालुका कचेरीत बसून टँकरच्या खेपा लिहिलेल्या मनुष्यास प्रत्येक गोष्ट लिटरांत मोजण्याची खोड लागते, ती वाचकांनी क्षमा करावी. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. पाच किलो पूड ३५० पट पाणी धरते असे मानले तर एकंदर १,७५० लिटर झाले. हेक्टरावर पसरल्यास ती जाडी एक मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरते! उभे पीक दिवसास तीन-चार मिलिमीटर पाणी पिते. म्हणजे शेतभर फेकलेल्या पुडीचे सारे पाणी पिकास अर्धा-पाऊण तास पुरावयाचे. प्रत्येक पावसाने किंवा पाळीने ती पुन्हा भरते हे खरे. तरीही आकडा लहानच राहतो. यास्तव शेतभर पूड उधळणे म्हणजे पैसा उधळणे होय. बियांच्या ओळीतच, बियांस लागून पडली तर उगवणीच्या वेळी तिचा काही उपयोग संभवतो. भात काढल्यावर ओलीवर वाल किंवा हरभरा पेरणाऱ्याने दोन ओळी करून पाहाव्यात. वरकस जमिनीतील नागली-वरीस मात्र भर पावसात हिची गरजच नाही.

आपल्या वरकस जमिनीचे खरे दुखणे निराळे आहे. वर्षास अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईस पाणी पुरविणारे मध्य वैतरणा धरण याच मोखाडा तालुक्यात आहे, आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. वीतभर-दीड वीत मातीच्या थरात पिकास मिळण्याजोगे पाणी तीस-चाळीस मिलिमीटरच मावते. बाकीचे उतारावरून निघून जाते. दगडी बांध घालून हेक्टरभर जमिनीवर सरासरीने एक सेंटिमीटर माती जरी जास्त अडविली, तरी दहा ते पंधरा हजार लिटर पाण्याची सोय होते. म्हणजे पाच किलो पुडीच्या सहा ते आठ पट, आणि तीही कायमची. बांधाची जागा पुडी घेऊ शकत नाही, मग ती कोणत्याही संस्थेची असो.

मग पूड कोठे घालावी? जेथे थोड्या जागेत थोड्या पाण्याने जीव वाचतो तेथे, म्हणजे नवीन लावलेल्या कलमाच्या मुळाशी. एक एकराच्या वाडीत साठ कलमे धरली व दर कलमास दहा ग्रॅम दिली तर सारी वाडी ६०० ग्रॅममध्ये होते. परंतु येथेही जाहिरातीतील ३५० हा आकडा धरून चालू नये. मिठात घातलेली कैरी सुरकुतते व साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, त्याच न्यायाने क्षारयुक्त पाण्यात ही पूड पुरी फुगत नाही. चुन्याचा अंश असलेल्या जड पाण्यात तर चुन्याचे कण जाळ्यास नव्या गाठी मारतात व ते आखडते. शिवाय वरच्या मातीचा दाब असतोच. तेव्हा दहा ग्रॅम पूड साडेतीन लिटर धरील असे पुडीवर लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात लिटरभर धरिली तरी समाधान मानावे. कलमाशेजारी पुरलेल्या लहान मडक्यात पाच-सहा लिटर पाणी राहते, हेही तुलनेसाठी ध्यानात असू द्यावे. मडके भरावयास दर आठ दिवसांनी माणूस चढणीवर पाठवावा लागतो. पुडीमुळे फार तर पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये दोन-चार दिवसांची सवड मिळते. ज्याची वाडी विहिरीपासून दूर आहे त्यास ही सवडही मोलाची आहे. पाळ्याच मुळी न दिल्या तर पूड कोरडी पडते व तिचा काडीचा उपयोग होत नाही.

विकत घेण्यापूर्वी परीक्षा करावी. सोनाराकडून एक ग्रॅम पूड तोलून घ्यावी, ती एक लिटर पावसाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून खाली उरलेले पाणी मोजावे. जितके मिलिलिटर कमी भरेल तितक्या पट पुडीने पाणी धरिले. हाच प्रयोग आपल्या विहिरीच्या पाण्यात करावा. जो आकडा येईल तोच आपल्या उपयोगाचा. दाणे सुटे न राहता सगळेच पाणी चिकट झाले तर ती नुसती विरघळणारी वस्तू आहे, जमिनीत टिकणार नाही. भिजलेली पूड पंधरा दिवस झाकून ठेवल्यावर आंबूस वास येऊन पातळ झाली तर ते साधे पिष्ट समजावे. दुकानदार अशा परीक्षेस नमुना देत नसेल तर त्याच्याशी पुढे बोलण्याचे कारण नाही.

घालण्याची वेळ महत्त्वाची आहे. जूनमध्ये लागवडीबरोबरच खड्ड्यात पूड घातली तर चार महिने ती पाण्याने टच्च फुगून राहते, मुळांस हवा मिळत नाही व ती कुजतात. कोरडी पूड भाराभर घातली तर फुगताना मातीस वर लोटून कलमही हलविते. म्हणून पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, खोडापासून वीतभर अंतरावर पहारीने वीतभर खोल अशी चार भोके पाडावी. साठवलेल्या पावसाच्या पाण्यात आधी भिजविलेली दहा ग्रॅम पूड चार भोकांत वाटून घालावी व माती दाबावी. वर पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. राबासाठी सारा पाला भाजून टाकण्याची आपली रीत या कामी आड येते. निदान वाडीपुरता पाला राखून ठेवावा. सुपर फॉस्फेट, पोटॅश, डीएपी ही खते त्या भोकांजवळ टाकू नयेत, कारण ती सर्व क्षारच आहेत. युरियाने पुडीचे फारसे बिघडत नाही. मोगऱ्याची मुळे फुटलेली रोपे दूरच्या गावाहून आणावयाची असल्यास भिजलेल्या पुडीच्या लापशीत मुळे बुडवून ओल्या गोणपाटात गुंडाळावी. आपले वाडवडील याच कामी शेणमातीचा काला वापरीत, व तोही वाईट नाही.

ज्या सभासदांच्या वाडीत यंदा नवी कलमे आहेत त्यांनी एकाच उतारावरील दहा कलमांस पूड, दहांस मडके व दहांस नुसते आच्छादन द्यावे, आणि पाणी किती वेळा व किती लिटर दिले याची तारीखवार नोंद ठेवावी. शंका आल्यास कोसबाड टेकडी येथील कृषि विज्ञान केंद्रास विचारावे. पुढील जूनच्या पहिल्या पावसाआधी जिवंत कलमे मोजून ते आकडे गावाच्या व जमिनीच्या प्रकाराच्या नावासह संघाच्या कचेरीकडे पाठविल्यास त्यांचा तक्ता करून या मासिकात छापण्यात येईल.